कोष्टक एक, पायल्या अनेक

एका खंडीत निळवी किती? जुन्या मराठी शाळेत हा प्रश्न पंतोजींनी विचारला तर उत्तर तोंडपाठ हवे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. म्हणजे पायलीत ६४ निळवी. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी धरली, तर खंडीत २०,४८० निळवी. पोराने हे उत्तर दिले की ते बरोबर. पण पुण्याकडचे पोर बारा पायल्यांचा मण धरून १५,३६० म्हणाले, तर तेही बरोबर. दोघांच्या खंडीत फरक ऐंशी पायल्यांचा. मुंबईच्या धान्यबाजारात तर १६ पायल्यांचा एक फरा आणि आठ फऱ्यांची खंडी, म्हणजे अवघ्या १२८ पायल्या.

महाराष्ट्रातल्या धान्यमापांचा इतिहास याच गोंधळातून सुरू होतो. कोष्टकाचा खालचा भाग बहुतेक मराठी मुलखात सारखा होता. निळव्यापासून पायलीपर्यंतची उतरंड पाठ असलेला माणूस घाटावर काय आणि घाटाखाली काय, हिशेबात अडत नसे. अडचण यायची ती पायली हातात घेतल्यावर. ही पायली कोणत्या पेठेतली, कोणत्या धान्याची, सपाट भरायची की शिगेची, आणि देणाऱ्याची की घेणाऱ्याची? मापांचे रूपांतर करायला गणित थोडे लागे, चौकशी फार.

आधी गणिताचे पाहू, कारण ते फार देखणे आहे. निळव्यापासून पायलीपर्यंत प्रत्येक पायरी दुपटीची. दशमान पद्धतीची सवय झालेल्याला हे विचित्र वाटेल, पण धान्य मोजणाऱ्याला दहा भाग करता येत नाहीत. दोन करता येतात. शेरभर ज्वारी दोन सारख्या भांड्यांत ओतून पातळी जुळवली की मापटे तयार. त्याचेच पुन्हा दोन केले की चिपटे. खात्रीचे एक माप हाताशी असले की बाकीची सगळी त्यावरून पडताळता येतात. त्याला ना तराजू लागतो, ना अपूर्णांक.

बाजारभाव सांगण्याची रीतही या उतरंडीला धरून होती. आज आपण किलोला इतके रुपये म्हणतो. तेव्हा धान्याचा भाव रुपयाला इतके शेर किंवा इतक्या पायल्या असा सांगत. आकडा घसरला की महागाई वाढली. समजा, ज्वारी रुपयाला सव्वातीन पायल्या आहे. सव्वातीन पायल्या म्हणजे तेरा शेर. चार आण्यांची ज्वारी हवी असेल तर तेराचा चौथा हिस्सा, सव्वातीन शेर. म्हणजे तीन शेर एक चिपटे. आणि एका आण्याची? रुपयाचे आणे सोळा आणि शेराची निळवीही सोळाच. त्यामुळे रुपयाला जितके शेर, आण्याला तितकी निळवी: तेरा निळवी. तीही एकेक मोजायची नाहीत. एक मापटे, एक चिपटे आणि वर एक निळवे घातले की तेरा भरतात. पैसा आणि धान्य यांच्या सोळाच्या जोडीमुळे दुकानदाराला कागदाची गरजच पडत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे मुलांकडून घोकून घेत ते यासाठी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाला साडेतीन पायल्यांचा भाव असला की तो कामाला येई.

चार-चारच्या पटीचे असेच एक कोष्टक फार जुने आहे. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’च्या आरंभीच ते येते. लांबी, रुंदी आणि उंची एकेक हात असलेल्या घनात मावेल ती मगध देशाची खारी. खारीचा सोळावा हिस्सा द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ, प्रस्थाचा चौथा कुडव. म्हणजे खारीत १,०२४ कुडव. सोळा पायल्यांचा मण धरला तर मणातही १,०२४ निळवीच भरतात, आणि यात नवल काही नाही. दुपटी करत गेले की दहाव्या पायरीला तोच आकडा येतो.

लीलावतीत खारी केवळ कोष्टकापुरती नाही. जमिनीवर ओतलेल्या धान्याच्या राशीत किती खाऱ्या असतील, हे ती रास न उपसता कसे काढायचे, याचे एक प्रकरणच त्यात आहे. दोरीने राशीचा घेर मोजायचा. जाड्या धान्याची रास घेराच्या एक दशांश उंच राहते, बारीक धान्याची एक अकरांश, कुसळाच्या धान्याची एक नवमांश. घेराचा सहावा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला उंचीने गुणायचे. साठ हात घेराची जाड्या धान्याची रास असेल तर उंची सहा हात, साठाचा सहावा हिस्सा दहा, वर्ग शंभर, उत्तर सहाशे खाऱ्या. तोच घेर बारीक धान्याचा असेल तर सुमारे साडेपाचशे, कुसळाच्या धान्याचा असेल तर ६६६ आणि दोन तृतीयांश. या रीतीत वर्तुळाचा घेर व्यासाच्या तिप्पट धरला आहे. घेर आणि व्यासाचे आजचे गुणोत्तर घेतले तर सहाशेच्या जागी ५७३ येतात. भास्कराचार्यांना याहून सूक्ष्म गुणोत्तर ठाऊक होते आणि ते त्यांनी त्याच ग्रंथात दिलेही आहे. पण खळ्यावर दोरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तीनाने भागलेले पुरते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. शके ११२८ च्या सुमाराच्या तिथल्या शिलालेखाचा शेवट मराठीत आहे, आणि त्या भागात मठाला द्यायच्या देण्यांची नोंद आहे.

धान्याची रास जमिनीवर जशी टोकदार उभी राहते, तशीच ती मापाच्या तोंडावरही राहते. तिला म्हणायचे शीग. सगळ्या वादाचे मूळ तिच्यातच. काठाबरोबर पट्टी फिरवून दिलेली पायली आणि शिगोशीग भरलेली पायली, दोन्ही कागदावर एकच. पण मापाचे तोंड रुंद असेल तर शीग भलतीच वाढते. तोंडाची रुंदी दुप्पट केली की त्यावर राहणारी शीग आठपट होते, कारण ती रुंदीत पसरते आणि त्याच प्रमाणात उंचही चढते. म्हणून उभट आणि पसरट अशी दोन मापे आतून अगदी सारखी असली, तरी शिगेने मोजताना पसरट मापात धान्य जास्त जाते. घेणारा पसरट माप काढणार, देणारा उभट. आणि दोघेही शपथेवर सांगणार की आपले माप सरकारी मापाशी ताडून घेतले आहे.

कौटिल्याला हे पक्के ठाऊक होते. ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणात मापे कशी करावीत ते सांगताना तो म्हणतो की, माप वाळलेल्या टणक लाकडाचे असावे आणि शीग मापाच्या चौथ्या हिश्शाएवढी धरावी, नाहीतर शिगेचा भाग आतच सामावेल असे माप करावे. फुले, फळे, तूस, कोळसा, चुना यांना शिगेचा हिशेब वेगळा. दर चार महिन्यांनी मापे तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर सव्वासत्तावीस पण दंड.

पण त्याच अधिकरणात याहून बोलकी तरतूद आहे. द्रोण एक नाही, चार आहेत. राजाच्या उत्पन्नाचा द्रोण २०० पळे वजनाच्या उडदाचा. बाजारातल्या व्यवहाराचा साडेबारा पळांनी लहान, १८७॥. चाकरांना धान्य देण्याचा द्रोण १७५ चा, आणि अंतःपुरात द्यायचा १६२॥ चा. नाव एक, उतरंड एक, कुडव-प्रस्थ-आढकांचे प्रमाणही एक. फक्त भांडे बदलते. शेतकऱ्याने राजाच्या कोठारात पंधरा द्रोण घातले, तर बाजाराच्या मापाने त्याचे सोळा गेलेले असत. कोठारात आलेल्या सात द्रोणांतून चाकरांना आठ द्रोण देता येत. हा चोरीचा मामला नव्हे. कोठारात तूट येते, उंदीर-घुशी खातात, धान्य सुकते. ती तूट कोणी सोसायची हे त्या चार मापांनी आधीच ठरवून टाकले होते. अर्थात ती राजाने सोसायची नव्हती.

मराठी गावात हाच प्रश्न खळ्यावर उभा राहायचा. मळणी झाली, वारवणी झाली, रास पडली की मापाला सुरुवात. मोजणाऱ्याला मापारी म्हणत. कोकणात आणि गोव्यात ते आडनावही झाले आहे. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे. मग दोन, तीन. त्या राशीतूनच सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट यांचे बलुते निघे. घरात जाणारे धान्य त्यानंतरचे. त्यामुळे पायली किती मोठी आणि शीग किती उंच, यात सगळ्या गावाचा जीव गुंतलेला. शहरात हे काम कोतवालाकडे होते. पेशवाईतल्या पुण्यात वजनामापांवर नजर ठेवणे हा कोतवालीचाच भाग होता.

पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनाही पहिल्यांदा हेच कोडे सोडवावे लागले. अंतोनियु नुनिश नावाच्या अधिकाऱ्याने १५५४ मध्ये हिंदुस्थानातली वजने, मापे आणि नाणी यांचे एक पुस्तकच तयार केले. बंदर बदलले की माप बदलते, म्हणून प्रत्येक बंदराची कोष्टके त्याने वेगळी मांडली. गोव्यात वीस कुडवांची खंडी आणि वीस खंडींचा कुंभ हे हिशेब रुजले. वसई-मुंबईकडे भातशेतीचा सारा मुड्यांत मोजला जाई. पंचवीस फऱ्यांचा एक मुडा. मिठाची तर वेगळीच तऱ्हा. मुंबईत मिठाचा फरा साडेदहा अधोल्यांचा, शंभर फऱ्यांचा एक आणा, आणि सोळा आण्यांची एक रास. इथला आणा पैशाचा नव्हे, सुमारे अडीच टन मिठाचा. म्हणजे एका रासेत सोळाशे फरे, वजनाने चाळीस टनांच्या घरात. धान्याचा फरा सोळा पायल्यांचा, मिठाचा साडेदहा अधोल्यांचा. दोन्ही एकाच बंदरात, एकाच नावाने.

जमीनही मापाने मोजत. खंडीभर बियाणे लागते ती खंडीची जमीन. कोकणात, गोव्यात आणि तिकडे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात खंडी आणि कुडव, किंवा तिथल्या बोलीत कुडो, हे शब्द धान्याइतकेच शेतालाही लागले. यात एक शहाणपण होते. हलक्या जमिनीचा मोठा तुकडा आणि भारी जमिनीचा लहान तुकडा यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, तर पेरा किती आणि पीक किती. मोजणी अधिकाऱ्याला मात्र हे मुळीच सोयीचे नव्हते, कारण त्याला नकाशावर एकर दाखवायचे होते.

कंपनी सरकारला मग सगळा देश एका कोष्टकात बसवण्याची घाई झाली. कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानभरच्या वजनामापांचे नमुने लंडनला मागवले आणि पॅट्रिक केली या तज्ज्ञाने ते ताडून १८३२ मध्ये पौर्वात्य वजनामापांवर पुस्तक प्रसिद्ध केले. दक्षिण कोकणाची मोजणी केलेला इंजिनिअर थॉमस बेस्ट जर्व्हिस याने १८३६ मध्ये मुंबईत एक ग्रंथ छापून साऱ्या हिंदुस्थानसाठी शास्त्रीय पायावर एकच पद्धत असावी, असा आग्रह धरला. त्याआधी १८३३ मध्ये बंगालच्या नियमाने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण ठरला होता. हा मण ३७.३२ किलोंचा. मुंबईचा मण तेव्हा २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आतला. बंगाली एका मणात मुंबईचे जवळजवळ तीन मण बसत.

यात एक मोठी गफलत दडलेली होती. शेर आणि मण हे वजनही होते आणि मापही. सरकारने ठरवला तो वजनाचा शेर. गावात चालत होता तो मापाचा. एकातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये धान्य येते. दहा लिटरच्या भांड्यात गहू साधारण पावणेआठ किलो मावतो, टरफलासकट भात मात्र सहा किलोंच्याही आत. भांडे ठोकून, हलवून भरले तर आकडा आणखी बदलतो. म्हणजे पायलीचे किलो करायचे तर गव्हासाठी एक कोष्टक, भातासाठी दुसरे, आणि प्रत्येक तालुक्याच्या पायलीगणिक तिसरे-चौथे. खेड्यातल्या बाईला हे कोष्टक लागत नव्हते, कारण ती पायलीनेच उसने आणून पायलीनेच परत करत होती. गरज होती ती सारा वसूल करणाऱ्याला, रेल्वेने माल पाठवणाऱ्याला आणि दुष्काळात भाव ताडून पाहणाऱ्या कलेक्टराला.

१८६० च्या दंडसंहितेने खोटी वजने-मापे बाळगणे आणि वापरणे हा गुन्हा ठरवला, पण खरे माप कोणते हे देशभरासाठी ठरलेलेच नव्हते. १८७१ मध्ये कायदा झालाही. त्यात शेर म्हणजे फ्रेंच किलोग्रॅम, आणि मापाचा शेर म्हणजे तितके पाणी मावेल ते भांडे, म्हणजेच एक लिटर, अशी व्याख्या होती. वजन आणि माप यांची गाठ पाण्याने बांधणारी ही व्याख्या अमलात आली असती, तर मराठी शेर आणि किलो-लिटर यांच्यात रूपांतर करण्याचे कारणच उरले नसते. हा कायदा कागदावरच राहिला. मुंबई इलाख्याने १९३२ मध्ये स्वतःचा वजनामापांचा कायदा केला. सगळ्या देशाला लागू होणारा मेट्रिक कायदा १९५६ मध्ये आला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने अमलात आला. शेर-पायलीने शिकलेल्या पिढीला रोजच्या रोज मनात हिशेब करावा लागला: ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, किलोला ६७ ग्रॅम कमी. वजनाचा शेर असा एका आकड्यात बसला. मापाच्या पायलीला असा एकच आकडा देता आला नाही, कारण ती मुळात एक नव्हतीच.

पेठेतून पायली गेली. खंडी मात्र एका जागी घट्ट बसली आहे. मुंबईच्या कापूसबाजारात खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे मुंबईच्या २८ मणांची होती. भारतात रुईचा भाव आजही खंडीवरच सांगतात, आणि ती खंडी ३५६ किलोंची. ७८४ पौंडांचे किलो केले की पूर्णांकात हाच आकडा येतो. धान्याच्या १२८, २४० आणि ३२० पायल्यांच्या खंड्या विस्मरणात गेल्या. टिकली ती वजनाची, जिच्यात शीग नव्हती आणि जिचा करार दूरच्या खरेदीदाराशी होता.

घरोघरी अजून एखादे जुने माप निघते. लग्नात नव्या सुनेने ओलांडायला उंबऱ्यावर तांदळाने भरून ठेवायचे पितळी मापटे, माळ्यावरची लाकडी अधोली, पत्र्याची पायली. असे काही हाताशी असेल तर एक काम करावे. ते काठोकाठ पाण्याने भरावे, आणि भांडे गळके असेल तर मोहरीने. मग मोजपात्रात ओतून किती मिलिलिटर भरले ते लिहून ठेवावे. सोबत तोंडाची रुंदी, गाव, कोणत्या धान्यासाठी ते वापरत, शिगेने की सपाट, आणि तळाशी किंवा काठावर शिक्का असल्यास त्यावरची अक्षरे. कोष्टके पुस्तकांत छापलेली आहेत. कोणत्या गावाची पायली किती मोठी होती, हे मात्र त्या भांड्याखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही.